ठोक अनुदानाचा प्रयोग: अमेरिकेचा १९९६ चा कल्याण कायदा आणि केंद्राला आवर घालण्याचा प्रश्न

पार्श्वभूमी

महामंदीच्या काळात, १९३५ साली, अमेरिकेने सामाजिक सुरक्षा कायदा केला. त्या कायद्यात कर्ता पुरुष गमावलेल्या घरांतील मुलांसाठी रोख मदतीची एक तरतूद होती. ती करताना कायदेकर्त्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने विधवा माता होत्या. पुढे ही योजना ‘एएफडीसी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाऊ लागली. तिची रचना समजून घेतल्याशिवाय नंतरचा वाद कळत नाही. दरमहा किती रक्कम द्यायची हे प्रत्येक राज्य ठरवत असे, पण पात्र ठरलेल्या कुटुंबाला मदत नाकारता येत नसे, आणि राज्याने केलेल्या खर्चातील ठरावीक हिस्सा वॉशिंग्टन, म्हणजे केंद्र सरकार, भरत असे. श्रीमंत राज्यांच्या बाबतीत हा हिस्सा निम्मा होता, तर मिसिसिपीसारख्या गरीब राज्याच्या बाबतीत तीनचतुर्थांशाहून अधिक. एकूण खर्चाला वरची मर्यादा नव्हती. लाभार्थी वाढले की केंद्राचा खर्च आपोआप वाढत असे.

१९९४ साली ही संख्या शिखरावर पोहोचली. सुमारे ५० लाख कुटुंबे, म्हणजे १ कोटी ४० लाखांहून अधिक माणसे, या मदतीवर होती. तोवर विधवा मातांचे प्रमाण नगण्य झाले होते आणि लाभार्थ्यांत अविवाहित व विभक्त मातांचा भरणा होता. त्यामुळे योजनेवरची टीका केवळ खर्चापुरती न राहता नैतिक स्वरूपाचीही झाली होती.

उजव्या, म्हणजे रिपब्लिकन, पक्षाने केंद्राची व्याप्ती आवरण्याचा प्रयत्न याआधीही केला होता. त्या पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८१ मध्ये ५० हून अधिक छोट्या छोट्या केंद्रीय योजना एकत्र करून त्यांची ९ ठोक अनुदाने (राज्यांना एकरकमी दिली जाणारी ठरावीक मदत) केली. त्यापुढचे पाऊल अधिक धाडसी होते. जानेवारी १९८२ च्या वार्षिक अभिभाषणात त्यांनी सरळ अदलाबदल सुचवली. गरिबांच्या वैद्यकीय खर्चाची मेडिकेड ही योजना केंद्राने पूर्णपणे स्वतःकडे घ्यावी आणि रोख मदत व फूड स्टॅम्प (गरिबांना अन्नखरेदीसाठी मदत) या योजना राज्यांनी पूर्णपणे सांभाळाव्यात, असा तो प्रस्ताव होता. राज्यांच्या गव्हर्नरांशी महिनोन्‌महिने वाटाघाटी झाल्या आणि प्रस्ताव बारगळला. (अमेरिकेतील गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेले राज्यप्रमुख असतात, आपल्याकडील राज्यपालांप्रमाणे नेमलेले नव्हेत. या प्रकरणात हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.) या फसलेल्या अदलाबदलीकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण माझ्या मते चौदा वर्षांनंतर झालेल्या कायद्यातील मुख्य उणीव तिच्या प्रकाशातच दिसते.

प्रश्न

१९९४ च्या उत्तरार्धात परिस्थिती बदलली. डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १९९२ च्या प्रचारात चालू कल्याणव्यवस्था संपवण्याचे वचन दिले होते, पण आरोग्यविम्याच्या विधेयकात अडकल्यामुळे ते मागे पडले होते. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन उमेदवारांनी मतदारांसमोर करारनामा ठेवला आणि त्यात कल्याणसुधारणेचे विधेयक समाविष्ट केले. नोव्हेंबरमध्ये त्यांना प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, ४० वर्षांनंतर प्रथमच बहुमत मिळाले.

नव्या बहुमतासमोरचा प्रश्न वरवर एकच दिसत होता, पण त्यात तीन वेगवेगळ्या मागण्या गुंफलेल्या होत्या. पहिली मागणी संघराज्याच्या तत्त्वाची होती: गरिबांना मदत कशी करावी हे राज्यांनी ठरवावे, वॉशिंग्टनने नव्हे. दुसरी अंदाजपत्रकाची होती: केंद्राच्या आपोआप वाढणाऱ्या खर्चाला मर्यादा घालावी. तिसरी सामाजिक होती: मदतीला कामाची अट असावी, ती कायमची नसावी आणि विवाहसंस्थेला तिने धक्का लावू नये. तिन्ही मागण्या उजव्या विचारातूनच आल्या होत्या, तिन्ही प्रामाणिक होत्या, आणि त्या एकमेकींच्या आड येतील हे त्या वेळी फार थोड्यांनी उघडपणे मान्य केले. देशभर कामाची अट लावायची असेल तर ती वॉशिंग्टनलाच लावावी लागते. राज्यांना खरोखर मोकळीक द्यायची असेल, तर एखादे राज्य अट न लावण्याचेही ठरवू शकते, हे मान्य करावे लागते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय रेगन यांच्या धर्तीवर जबाबदारी पूर्णपणे विभागण्याचा होता. त्यात तत्त्वाची स्पष्टता होती: जो खर्च करील त्यानेच कर लावावा आणि त्यानेच मतदाराला जाब द्यावा. परंतु गरीब राज्यांना तो पेलणारा नव्हता, आणि केंद्राचा पैसा सोडायला कोणताही गव्हर्नर तयार नव्हता. १९९५ मध्ये या पर्यायाचा गांभीर्याने विचारच झाला नाही.

दुसरा पर्याय सुरू असलेल्या सवलतींचा होता. केंद्राच्या नियमांतून सूट मागून राज्ये प्रयोग करू शकत होती, आणि विस्कॉन्सिनचे गव्हर्नर टॉमी थॉम्पसन यांनी याच वाटेने कामाशी जोडलेली मदत उभी केली होती. या पद्धतीत सूट मिळालेल्या प्रयोगाचे मोजमाप करावे लागे आणि केंद्राचा खर्च वाढू द्यायचा नसे. त्यामुळे काय चालते आणि काय चालत नाही याचा पुरावा साठत होता. उजव्यांचा आक्षेप मात्र रास्त होता: स्वतःच्या नागरिकांना मदत कशी द्यावी यासाठी निवडून आलेल्या गव्हर्नरने वॉशिंग्टनमधील अधिकाऱ्याकडे परवानगी का मागावी?

तिसरा पर्याय मदतीचा हक्क कायम ठेवून कामाच्या केंद्रीय अटी कडक करण्याचा होता. क्लिंटन प्रशासनाचा स्वतःचा प्रस्ताव साधारण याच वळणाचा होता, आणि प्रशिक्षण व बालसंगोपनावरील खर्चामुळे तो स्वस्त नव्हता.

चौथा पर्याय ठोक अनुदानाचा. केंद्राने दरवर्षी ठरावीक रक्कम राज्यांच्या हाती द्यावी, व्यक्तीचा कायदेशीर हक्क रद्द करावा आणि रक्कम कशी वापरायची ते बव्हंशी राज्यांवर सोपवावे. तिन्ही मागण्यांना थोडे थोडे समाधान देणारा हा एकमेव पर्याय होता आणि म्हणूनच तो निवडला गेला. राजकीयदृष्ट्या हे त्याचे बळ होते, पण रचनेचा कमकुवतपणाही यातूनच आला.

निर्णयाचे टप्पे

पहिला कसोटीचा क्षण १९९५ च्या वसंतात आला. प्रतिनिधिगृहाने मार्चमध्ये २३४ विरुद्ध १९९ मतांनी जे विधेयक मंजूर केले, त्यात राज्यांना मोकळीक होती आणि त्याच वेळी तपशीलवार मनाईही होती. १८ वर्षांखालील अविवाहित मातांना रोख मदत देऊ नये आणि मदतीवर असताना जन्मलेल्या मुलासाठी रक्कम वाढवू नये, असे देशभराचे नियम त्यात होते. यावर उजव्यांतच फूट पडली. मिशिगनचे जॉन इंगलर यांच्यासारख्या रिपब्लिकन गव्हर्नरांचे म्हणणे असे होते की, राज्यांच्या कारभारात वॉशिंग्टनची बारीकसारीक ढवळाढवळ डाव्या हेतूने झाली काय किंवा उजव्या हेतूने झाली काय, ती सारखीच चूक आहे. दुसरीकडे कॅथलिक बिशप आणि गर्भपातविरोधी संघटनांना भीती वाटत होती की, वाढीव मुलासाठी मदत नाकारल्यास गर्भपात वाढतील. सप्टेंबरमध्ये सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, ही सक्ती मतदानाने काढून टाकली आणि तो निर्णय राज्यांवर सोपवला. त्यानंतर सिनेटमध्ये विधेयक ८७ विरुद्ध १२ मतांनी मंजूर झाले. या एका मुद्द्यावर संघराज्याच्या तत्त्वाची सरशी झाली. कामाच्या अटींवर मात्र तशी झाली नाही.

दुसरा निर्णय तेव्हा कमी गाजला, पण त्याचे परिणाम फार दूरवर गेले. फूड स्टॅम्प योजनेचेही ठोक अनुदान करावे असा आग्रह होता. प्रतिनिधिगृहाच्या कृषी समितीचे अध्यक्ष पॅट रॉबर्ट्स यांनी ती योजना केंद्राकडेच राखण्याची बाजू घेतली आणि ती तशीच राहिली. अन्नमदतीमागे शेतीशी निगडित हितसंबंध उभे होते, तर रोख मदतीच्या पाठीशी असे कोणीही नव्हते. कोणती योजना वाचते हे पुष्कळदा तत्त्वापेक्षा तिच्या पाठीराख्यांवर ठरते, हे येथे स्पष्ट दिसते.

तिसरा टप्पा नकाराधिकाराचा. क्लिंटन यांनी डिसेंबर १९९५ मध्ये अंदाजपत्रकाच्या मोठ्या विधेयकाबरोबर आणि जानेवारी १९९६ मध्ये स्वतंत्रपणे, असे दोनदा कल्याणसुधारणेला नकार दिला. याच सुमारास अंदाजपत्रकाच्या संघर्षात सरकारी कामकाज दोन वेळा ठप्प झाले होते आणि त्याचा दोष जनमताने मुख्यतः काँग्रेसवर (अमेरिकेच्या संसदेवर) ठेवला होता. फेब्रुवारीत दोन्ही पक्षांच्या गव्हर्नरांनी एकत्र येऊन नवा मसुदा सुचवला, त्यामुळे विषय पुन्हा जिवंत झाला. परंतु रिपब्लिकन नेतृत्वाने त्याला मेडिकेडच्या ठोक अनुदानाची जोड दिली, आणि ती जोड असेपर्यंत क्लिंटन सही करणार नाहीत हे उघड होते. विधेयक कायदा होऊ नये आणि नकाराचा ठपका राष्ट्राध्यक्षांवर राहावा, असे काहींना निवडणुकीच्या वर्षात सोयीचे वाटत होते. त्या उन्हाळ्यात प्रतिनिधिगृहातील अनेक रिपब्लिकन सदस्यांनी दोन्ही विषय वेगळे करण्याची मागणी केली आणि नेतृत्वाने ती मान्य केली. प्रचाराचा मुद्दा गमावून कायदा मिळवणे त्यांनी पत्करले. या प्रकरणातील हा निर्णय मला सर्वांत परिपक्व वाटतो.

३१ जुलै १९९६ रोजी क्लिंटन यांनी आपल्या सल्लागारांची बैठक घेतली. बहुतेक ज्येष्ठ सल्लागार सहीच्या विरोधात होते. तरीही आपण सही करू, असे त्यांनी त्याच दिवशी जाहीर केले. प्रतिनिधिगृहात ३२८ विरुद्ध १०१ आणि दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २१ अशी मते पडली. प्रतिनिधिगृहातील डेमोक्रॅट सदस्य ९८ विरुद्ध ९८ असे बरोबर मधोमध दुभंगले. २२ ऑगस्टला कायदा झाला. त्याच्या निषेधार्थ आरोग्य व मानवसेवा विभागातील पीटर एडेलमन, मेरी जो बेन आणि वेंडेल प्रायमस या तिघांनी राजीनामे दिले.

कायद्यात काय होते

नव्या योजनेचे आद्याक्षरी नाव ‘टॅन्फ’. तिच्यासाठी राज्यांना मिळून दरवर्षी सुमारे १,६५० कोटी डॉलर ठरवले गेले. व्यक्तीचा मदतीवरील हक्क स्पष्ट शब्दांत रद्द झाला. केंद्राच्या पैशातून एका कुटुंबाला आयुष्यात ६० महिन्यांपेक्षा अधिक मदत देता येणार नव्हती, मात्र २० टक्के कुटुंबांना अपवाद करता येणार होता. २००२ पर्यंत निम्मी कुटुंबे कामात किंवा कामाच्या तयारीत असावीत असे लक्ष्य ठेवले होते, पण लाभार्थी जितके घटतील तितके लक्ष्यही शिथिल होईल अशी मुभा होती. राज्यांनी १९९४ च्या आपल्या खर्चाच्या किमान ७५ ते ८० टक्के रक्कम स्वतः खर्च करत राहावी असे बंधन होते. पैसा कशासाठी वापरायचा याची चार उद्दिष्टे दिली होती आणि ती अतिशय व्यापक होती. शेवटच्या दोन उद्दिष्टांसाठी, म्हणजे विवाहबाह्य गर्भधारणा टाळणे आणि दोन पालकांची कुटुंबे टिकवणे यांसाठी, लाभार्थी गरीब असण्याचीही गरज नव्हती.

आणखी एका कलमाकडे टीकाकारांचे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही. कायद्यात स्पष्टपणे दिलेल्या अधिकारांपलीकडे कोणताही केंद्रीय अधिकारी राज्यांच्या वर्तनाचे नियमन करू शकणार नाही, असे ते कलम ४१७. केंद्राची सत्ता मर्यादित करणारी इतकी थेट भाषा अमेरिकी कायद्यांत सहसा आढळत नाही. केंद्रीय विभागातील या कामाचे कर्मचारी कमी करण्याची तरतूदही त्याच्या जोडीला होती.

परिणाम

पहिल्या पाच वर्षांत कायद्याच्या समर्थकांना अभिमान वाटावा असे बरेच घडले. मदतीवरील कुटुंबांची संख्या २००० पर्यंत निम्म्याहून खाली आली. एकल मातांच्या, विशेषतः अविवाहित मातांच्या रोजगारात मोठी वाढ झाली. सही होण्यापूर्वी अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेने ११ लाख मुले गरिबीत ढकलली जातील असा अंदाज वर्तवला होता. प्रत्यक्षात बालकांमधील गरिबीचे प्रमाण १९९६ मधील २०.५ टक्क्यांवरून २००० मध्ये १६.२ टक्क्यांवर आले. याचे सगळे श्रेय कायद्याला देता येत नाही. त्या काळात बेरोजगारी ४ टक्क्यांपर्यंत उतरली होती आणि १९९३ मध्ये कमावत्या गरीब कुटुंबांसाठीचा करपरतावा मोठ्या प्रमाणावर वाढवण्यात आला होता. हा परतावा केंद्राचाच होता. म्हणजे राज्यांकडे सोपवलेल्या सुधारणेच्या यशाला केंद्राच्या एका वाढत्या खर्चाचा टेकू होता, आणि केंद्र लहान झाले असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

खरी परीक्षा मंदीत झाली. ऑक्टोबर २००९ मध्ये बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली, तरीही रोख मदतीवरील कुटुंबांची संख्या किंचितच वाढली. फूड स्टॅम्पचे लाभार्थी मात्र २००७ मधील सुमारे २ कोटी ६० लाखांवरून २०१३ पर्यंत ४ कोटी ७० लाखांच्या पुढे गेले. रॉबर्ट्स यांनी राखलेल्या योजनेने भार उचलला, तर ठरावीक रकमेने बांधलेली योजना जागची हलली नाही. काँग्रेसने २००९ मध्ये ५०० कोटी डॉलरचा तात्पुरता निधी दिला आणि तो सप्टेंबर २०१० मध्ये संपू दिला.

महागाईने ठोक अनुदानाचे मूल्य हळूहळू पोखरले. पंचवीस वर्षांत त्याची खरी किंमत साधारण ४० टक्क्यांनी घटली. त्याहून महत्त्वाचा बदल खर्चाच्या स्वरूपात झाला. १९९७ मध्ये या निधीतील सुमारे ७० टक्के पैसा प्रत्यक्ष रोख मदतीवर जात होता. अलीकडे तो जेमतेम एकचतुर्थांश राहिला आहे. उरलेल्यातील काही भाग बालसंगोपन आणि रोजगार साहाय्याकडे गेला, आणि ते कायद्याच्या हेतूला धरूनच आहे. पण बराचसा पैसा राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकातील भगदाडे बुजवण्यासाठी, पालकांपासून दूर ठेवलेल्या मुलांच्या देखभालीच्या आधीपासूनच्या खर्चासाठी, तर मिशिगनमध्ये महाविद्यालयीन शिष्यवृत्त्यांसाठीही वापरला. १९९६ मध्ये दर १०० गरीब कुटुंबांमागे ६८ कुटुंबांना रोख मदत मिळत होती. २०२० मध्ये ती २१ कुटुंबांना मिळाली.

मिसिसिपीचे उदाहरण या रचनेचे टोक दाखवते. तेथे तिघांच्या कुटुंबाला महिन्याला कमाल १७० डॉलर मिळत असत, आणि ही रक्कम १९९९ पासून २०२१ पर्यंत तशीच होती. राज्याला वर्षाला साडेआठ कोटी डॉलरहून अधिक अनुदान येत होते. २०२० मध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकाने काही वर्षांचा हिशेब तपासून ९ कोटी ४० लाख डॉलरपर्यंतच्या खर्चावर प्रश्नचिन्ह लावले. नंतरच्या तपासणीत ७ कोटी ७० लाख डॉलरचा गैरवापर झाल्याचे निष्पन्न झाले. एका सरकारी विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल केंद्रासाठी गेलेले ५० लाख डॉलर त्यातलेच. उघडकीला आणणारी यंत्रणा राज्याची होती, याचा आधार राज्यांच्या स्वायत्ततेचे समर्थक घेतात आणि तो त्यांनी घ्यावाही. पण अनेक वर्षे मिसिसिपीच्या मतदाराला आपला पैसा कुठे जातो हे विचारावेसे वाटले नाही, याचे कारण मला वेगळे दिसते: त्यातला बहुतांश पैसा त्याने राज्याला कर म्हणून दिलेला नव्हता.

वेगळे काय करता आले असते

या कायद्याने केंद्र किती देणार हे गोठवले, राज्ये कशावर खर्च करणार हे सैल सोडले, आणि कर कोण गोळा करणार हे होते तसेच ठेवले. मर्यादित केंद्राच्या कल्पनेशी मी सहमत आहे, आणि म्हणूनच तिसरी गोष्ट मला सर्वांत खटकते. सत्ता लोकांच्या जवळ असली की ती जबाबदार राहते, हा युक्तिवाद ज्या राज्यात खर्च करणारा आणि कर लावणारा एकच असतो तेथेच खरा ठरतो. रेगन यांच्या अदलाबदलीत हे सूत्र होते. ती जशीच्या तशी १९९६ मध्ये शक्य नव्हती, हे मान्य केले पाहिजे. परंतु गरीब राज्यांसाठी समतोल निधी ठेवून आणि केंद्राचा काही करभार टप्प्याटप्प्याने राज्यांकडे वळवून तिच्या दिशेने पाऊल टाकता आले असते. त्या दिशेने मसुदाही तयार झाला नाही.

वाटपाच्या सूत्राचाही फेरविचार व्हायला हवा होता. प्रत्येक राज्याचा हिस्सा आधीच्या केंद्रीय वाट्यावरून ठरला, म्हणजे ज्या राज्यांनी पूर्वी उदारपणे मदत दिली होती त्यांना कायमचा मोठा हिस्सा मिळाला आणि जेथे दर गरीब मुलामागे सर्वांत कमी खर्च होत होता तेथे तो कमीच राहिला. वॉशिंग्टनचा जुना खर्च अन्याय्य आहे असे म्हणणाऱ्यांनी त्याच खर्चाचा नकाशा कायद्यात कोरून ठेवला. रक्कम लोकसंख्येशी, बेरोजगारीशी किंवा निदान महागाईशी बांधणे अवघड नव्हते. मंदीसाठी ठेवलेला २०० कोटी डॉलरचा आकस्मिक निधी त्या मानाने अगदीच तोकडा होता.

मोकळीक देताना हिशेब मागणे म्हणजे ढवळाढवळ, असा समज कलम ४१७ च्या मागे होता. माझ्या मते ही गल्लत होती. राज्याने काय करावे हे न सांगताही, पैसा कोणाकडे आणि कशासाठी गेला याची एकसारखी, जाहीर नोंद मागता आली असती. सवलतींच्या जुन्या पद्धतीत मोजमापाची शिस्त होती, ती ठोक अनुदानात आणली गेली नाही. शिवाय निधीचा ठरावीक भाग गरीब कुटुंबांवरच खर्च व्हावा एवढी एक अट घातली असती, तर भगदाडे बुजवण्याचा मार्ग बराच अरुंद झाला असता.

कामाच्या अटींबाबत मूळचा अंतर्विरोध जुलै २०१२ मध्ये पुन्हा वर आला. ओबामा प्रशासनाने राज्यांना या अटींत प्रयोग करण्यासाठी सूट देण्याची तयारी दाखवली. अशा लवचिकतेत रस दाखवणाऱ्यांत रिपब्लिकन गव्हर्नर असलेले युटा राज्यही होते. काँग्रेसमधील रिपब्लिकनांनी या प्रस्तावाला कडाडून विरोध केला आणि अखेर कोणत्याही राज्याने सूट घेतली नाही. १९९५ मध्ये राज्ये महत्त्वाची की अटी महत्त्वाच्या, हे स्पष्टपणे ठरवले गेले असते, तर निदान पक्षाला स्वतःशीच भांडावे लागले नसते.

लक्ष्य शिथिल करण्याच्या मुभेमुळे अनेक राज्यांत कामाचे लक्ष्य प्रत्यक्षात शून्याच्या जवळ आले होते. लाभार्थी कमी करणे हे त्यांना काम मिळवून देण्यापेक्षा सोपे ठरले, आणि कायद्याने दोहोंना सारखेच गुण दिले. घट मोजण्याचे आधारवर्ष काँग्रेसने २००६ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने १९९५ वरून २००५ वर आणले आणि २०२३ च्या कर्जमर्यादेच्या तडजोडीत ते २०१५ वर नेले. दोन्ही वेळा अटींचा हिशेब नव्याने मांडला गेला. राज्यांना मिळणारी वार्षिक रक्कम मात्र १९९६ मध्ये लिहिली गेली, जवळपास तेवढीच आजही आहे.